प्रोफाइल कोण वाचतं?

चाकणमधल्या, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एखाद्या कारखान्याला क्वालिटी इंजिनिअर हवा असतो, तेव्हा काय घडतं ते आधी पाहू. विभागप्रमुख एचआरला मेल पाठवतो: पाच ते आठ वर्षांचा अनुभव, सप्लायर क्वालिटी सांभाळलेली, पीपीएपी आणि एपीक्यूपी येणारा, आयएटीएफ १६९४९ च्या ऑडिटला सामोरा गेलेला, महिन्याभरात रुजू होणारा. एचआरमधली रिक्रूटर हेच शब्द नोकरी.कॉमच्या रेझडेक्स या डेटाबेसमध्ये किंवा लिंक्डइनच्या रिक्रूटर या सशुल्क सेवेत टाकते. शहर, अनुभवाची वर्षं, पगार, नोटीस पीरियड असे फिल्टर लावते. हजारो नावांची यादी शे-दीडशेवर येते. त्यातली वरची काही प्रोफाइल ती उघडते आणि त्यातल्या मोजक्यांना फोन लावते.

‘क्वालिटी विभागात कार्यरत, मेहनती व प्रामाणिक’ एवढंच लिहिणारा माणूस या यादीत येत नाही, मग तो कामात कितीही तरबेज असो. पुरवठादारांच्या शेडमध्ये उभं राहून त्यानं रिजेक्शन खाली आणलेलं असेल, ऑडिटरच्या प्रश्नांना तो एकटा पुरून उरलेला असेल. पण ते शब्द प्रोफाइलवर नाहीत म्हणून रिक्रूटरच्या पडद्यावर त्याचं नाव उमटत नाही. महिनोन्महिने फोन आला नाही की माणसाला वाटतं, आपल्याला नाकारलं जातंय. खरं तर बहुतेकदा गोष्ट नाकारण्यापर्यंत पोचलेलीच नसते.

प्रोफाइल सुधारण्याबद्दल गेल्या दहा-पंधरा वर्षांत अफाट सल्ला दिला गेला आहे. फोटो कसा असावा, किती वेळा पोस्ट करावी, कोणते शब्द वापरावेत याच्या याद्या सगळीकडे फिरतात. त्यातलं बरंचसं वरवरचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. प्रोफाइलला वाचक दोन: आधी शोधयंत्र, मग माणूस. दोघांनाही हवा असतो तो केलेल्या कामाचा नेमका आणि खरा तपशील. बाकीच्या गोष्टींचा नंबर त्यानंतर लागतो. हे सगळं नीट केलं तरी काही अडथळे उरतातच. ते उमेदवाराच्या हातातले नाहीत, आणि त्यांच्याबद्दल सल्ल्याच्या बाजारात फारसं कोणी बोलत नाही.

आपण इथवर कसे आलो, ते थोडक्यात. रिक्त जागा कळवण्याबाबतच्या १९५९ च्या कायद्यानंतर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्डाचं नूतनीकरण करत राहायचं आणि कॉल येण्याची वाट पाहायची, ही अनेक घरांतली रीत होती. ज्यांना खाजगी नोकरी हवी ते वर्तमानपत्रातली जाहिरात कापून अर्ज टाकायचे. १९९७ मध्ये संजीव बिखचंदानी यांनी नोकरी.कॉम सुरू केलं. ५ मे २००३ रोजी अमेरिकेत रीड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंक्डइन लोकांसाठी खुलं केलं. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते २६.२ अब्ज डॉलरला विकत घेतलं. आज लिंक्डइनचे सभासद शंभर कोटींवर आहेत, त्यातले दहा कोटींहून अधिक भारतात. सभासदसंख्येत अमेरिकेनंतर आपलाच नंबर.

या प्रवासात नोकरीच्या शोधाची दिशाच उलटली. पूर्वी जागा जाहीर व्हायची आणि माणूस तिच्याकडे जायचा. आता माणसाची नोंद कायम मांडलेली असते आणि जागा भरणारा ती शोधत येतो. या दोन्ही संकेतस्थळांचं मुख्य उत्पन्न भरती करणाऱ्या कंपन्यांकडून येतं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. उमेदवाराला खातं फुकट मिळतं, कारण पैसे मोजणाऱ्याला शोधायचा असतो तो उमेदवारच. त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक रकाना रिक्रूटरच्या फिल्टरच्या सोयीनं बनलेला असतो. आपण तो भरताना हेच डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते मथळ्यात. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीला २२० अक्षरांची जागा मिळते. नोकरी.कॉमवरही रेझ्युमे हेडलाइन असते. बहुतेक जण तिथे कंपनीनं दिलेला हुद्दा लिहून मोकळे होतात. आयटी कंपन्यांतले हुद्दे म्हणजे असोसिएट कन्सल्टंट, सिस्टम इंजिनिअर, मेंबर ऑफ टेक्निकल स्टाफ. माणूस जावामध्ये बॅकएंड लिहितो, टेस्टिंग करतो की सर्व्हर सांभाळतो, याचा त्यातून काहीच पत्ता लागत नाही. रिक्रूटर शोधते ‘जावा डेव्हलपर’. म्हणून बाजारात चालणारं भूमिकेचं नाव मथळ्यात हवं, सोबत दोन-तीन मुख्य कौशल्यं आणि क्षेत्र. ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, कास्टिंग आणि मशिनिंग, पीपीएपी, आयएटीएफ १६९४९’ एवढी ओळ पुरे. ‘नव्या संधीच्या शोधात’ हे तीन शब्द मात्र तिथली जागा अडवतात, कारण या शब्दांनी कोणीच शोधत नाही.

हीच गोष्ट पुढे कौशल्यांच्या यादीत. प्रत्येक धंद्याची स्वतःची बोली असते आणि रिक्रूटर तीच बोली टाइप करते. हिशेबनिसानं ‘अकाउंट्सचं काम’ लिहिलं तर ते कुठेच लागत नाही. टॅली, जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी, टीडीएस विवरणपत्र, बँक रिकन्सिलिएशन, स्टॅच्युटरी ऑडिट हे लिहिलं की तोच माणूस सापडतो. नर्सनं ‘रुग्णसेवा’ लिहिण्याऐवजी जीएनएम की बी.एस्सी., नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, आयसीयूत किती वर्षं, व्हेंटिलेटरवरचे रुग्ण हाताळलेत का, रुग्णालय एनएबीएच मान्यताप्राप्त होतं का, हे लिहायला हवं. काही संज्ञांची लघुरूपं आणि पूर्ण रूपं दोन्ही चालतात. अशा वेळी एकदा हे आणि एकदा ते, असं दोन्ही यावं. मार्ग सोपा आहे. आपल्याला हव्या असलेल्या जागेच्या सात-आठ जाहिराती समोर ठेवायच्या आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द खुणावायचे. त्यातलं जे आपण खरोखर केलंय ते प्रोफाइलवर आहे का, ते तपासायचं. जे केलेलं नाही ते लिहायचं नाही. मुलाखतीत पहिल्या दोन प्रश्नांतच ते उघडं पडतं.

माणूस वाचायला बसला की परीक्षा वेगळी होते. लिंक्डइननं २०१० मध्ये आपल्या सभासदांच्या प्रोफाइलमधले घासून गुळगुळीत झालेले शब्द देशवार काढले होते. अमेरिकेत ‘भरपूर अनुभव’ या अर्थाचा शब्दप्रयोग सर्वांत वर होता, ब्रिटनमध्ये ‘मोटिव्हेटेड’ आणि भारतात ‘डायनॅमिक’. इतकी वर्षं लोटली तरी परिस्थिती फार बदललेली दिसत नाही. ‘रिझल्ट ओरिएंटेड’, ‘पॅशनेट’, ‘टीम प्लेअर’ हे शब्द लाखो प्रोफाइलांवर आहेत आणि म्हणूनच ते कुणाबद्दलच काही सांगत नाहीत. हे शब्द लोक का वापरतात, हे समजून घेण्यासारखं आहे. आळस हे त्याचं कारण मला वाटत नाही.

कारण संकोच आहे. विशेषतः मराठी घरांमध्ये स्वतःच्या कामाबद्दल बोलणं म्हणजे स्वतःची टिमकी वाजवणं, हे लहानपणीच मनावर ठसलेलं असतं. काम करावं, बोलू नये, लोक आपोआप ओळखतील, ही शिकवण वाईट नाही. पण ती छोट्या गावाच्या, एका गिरणीच्या, एका कार्यालयाच्या जगातली आहे, जिथे लोक खरोखर रोज बघत असत. हजार किलोमीटरवर बसलेली रिक्रूटर काहीच बघत नसते. मग संकोची माणूस दोन टोकांना जातो. एक तर रकाना रिकामा सोडतो, नाहीतर दुसऱ्याची इंग्रजी वाक्यं उसनी आणतो, कारण उसन्या वाक्यातली बढाई आपली वाटत नाही. मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या बाबतीत भाषेचा धाक त्यात भर घालतो. इंग्रजी चुकेल या भीतीनं साचेबंद वाक्य सुरक्षित वाटतं.

यावर मला पटलेला उपाय असा आहे. प्रोफाइल आधी मराठीत लिहावं. आपल्या जागी उद्या नवा माणूस येणार आहे आणि त्याला चार्ज द्यायचा आहे, असं समजून आपण वर्षभरात काय केलं ते बोलीत मांडावं. कोणतं मशीन, कोणता ग्राहक, काय बिघडलं होतं, आपण काय बदललं, नंतर काय झालं. उदाहरणार्थ: ‘दोन व्हीएमसी लाइनवर सेटअप बदलायला पाऊण तास लागायचा. फिक्श्चर बदललं, टूल आधी प्रीसेट करायला लागलो, आता वीस मिनिटांत होतं. तिन्ही शिफ्टना शिकवलं.’ यात बढाईचा एक शब्द नाही, घडलेली गोष्ट आहे. हेच साध्या इंग्रजी वाक्यांत उतरवलं की ते कुठल्याही ‘डायनॅमिक प्रोफेशनल’पेक्षा भारी पडतं. चार ओळींचं साधं, बरोबर इंग्रजी पुरतं. लिंक्डइनच्या ‘अबाउट’ या भागात २,६०० अक्षरं मावतात, पण ती भरलीच पाहिजेत असं नाही. सुरुवातीच्या ओळीच आधी दिसतात, बाकीचं वाचायला बटण दाबावं लागतं. म्हणून सर्वांत वजनदार काम तिथे यावं, बालपणापासूनची ओढ वगैरे नको.

आकड्यांबद्दल थोडं सावधपणे बोलतो. ‘प्रत्येक वाक्यात टक्केवारी घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो, आणि त्यामुळे ‘उत्पादकता तीस टक्क्यांनी वाढवली’ अशी वाक्यं जिकडेतिकडे दिसतात. आकडा द्यावा, पण तो कशावरून मोजला हे मुलाखतीत सांगता येत असेल तरच. शिक्षिका, समुपदेशक, संपादक, समाजकार्यकर्ते यांच्या कामात टक्केवारी बहुधा खोटीच वाटते. त्यांनी किती मुलांचा वर्ग, कोणती इयत्ता, कोणतं पुस्तक, कोणता तालुका असं सांगावं. ग्राहकाचं नाव, ड्रॉइंग, अंतर्गत खर्चाचे आकडे हे आपल्या मालकीचे नसतात. कंपनीशी केलेल्या गोपनीयतेच्या कराराचा भंग करून प्रोफाइल उजळवणं महागात पडू शकतं.

तारखांबाबतही तसंच. नेमणुकीआधी पडताळणी करणाऱ्या संस्था रिलीव्हिंग लेटर मागतात, आणि भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर कोणत्या कंपनीत कधी होतो याची नोंद सापडते. प्रोफाइलवर जोडून दाखवलेली वर्षं तिथे उघडी पडतात. मध्ये खंड असेल तर तो तसाच दाखवावा. लिंक्डइननं २०२२ मध्ये ‘करिअर ब्रेक’ असा वेगळा प्रकार प्रोफाइलमध्ये आणला. बाळंतपण, आजारपण, घरच्यांची शुश्रूषा, शिक्षण अशी कारणं तिथे नोंदवता येतात. मुलांसाठी पाच-सात वर्षं घरी राहिलेल्या हजारो जणी परत यायला बघतात आणि त्या रिकाम्या वर्षांची लाज बाळगतात. त्यांनी ती लपवू नयेत. त्या काळात केलेला अभ्यासक्रम, सोसायटीचे सांभाळलेले हिशेब, घेतलेल्या शिकवण्या हे काम आहे. ते कामासारखं लिहावं.

फोटोवर गरजेपेक्षा जास्त बोललं जातं. द लॅडर्स या अमेरिकी संस्थेनं २०१२ मध्ये तीस रिक्रूटरांच्या नजरेचा माग यंत्रानं घेतला. रेझ्युमेवर पहिला कौल द्यायला त्यांना सरासरी सहा सेकंद लागले, आणि ऑनलाइन प्रोफाइल बघताना जवळपास एकपंचमांश वेळ फोटोवर गेला. हे आकडे सगळीकडे सांगितले जातात, पण ती पाहणी तीस जणांची होती, हे सहसा सांगितलं जात नाही. चेहरा स्पष्ट दिसेल असा, उजेडातला, अलीकडचा फोटो लावावा आणि विषय संपवावा.

फोटो आणि नाव यांच्यापाशी मात्र दुसराच प्रश्न उभा राहतो. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल या संशोधकांनी खाजगी क्षेत्रातल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचे निष्कर्ष आले. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोनतृतीयांश होती, मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, लेडबाय फाउंडेशन या संस्थेनं प्रवेशपातळीच्या हजार जागांसाठी एकाच पात्रतेच्या दोन काल्पनिक मुलींचे अर्ज पाठवले, एक हिंदू नावानं आणि एक मुस्लिम नावानं. पहिलीला २०८ सकारात्मक उत्तरं आली, दुसरीला १०३.

हे आकडे वाचून ‘प्रोफाइल नीट करा, नोकरी मिळेल’ असं बेधडक सांगणं मला जमत नाही. दुसऱ्या मुलीनं आणखी कोणता शब्द घालायला हवा होता? तिचं प्रोफाइल पहिलीइतकंच चांगलं होतं. इथे सुधारणा व्हायची ती शोधणाऱ्यांच्या बाजूनं. पहिल्या छाननीत नाव, फोटो, वय आणि कॉलेज झाकता येतात, अशी साधनं उपलब्ध आहेत. लिंक्डइनच्या रिक्रूटर सेवेतही नाव-फोटो लपवण्याची सोय आहे. कंपन्यांनी ती वापरावी, असा आग्रह धरायला हवा. परदेशी अर्ज करणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं की ब्रिटन-अमेरिकेत रेझ्युमेवर फोटो लावत नाहीत, तर जर्मनीत ती जुनी रीत आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्याकडच्या नर्स आणि इलेक्ट्रिशियनांना हा फरक उपयोगी पडणारा आहे.

आता ओळखींकडे वळू. या साऱ्या विषयातलं सर्वांत भक्कम संशोधन इथे आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की माणसाला नोकरीची खबर जिवलगांपेक्षा अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते. जिवलगांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. दूरची ओळख दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणते. जवळपास पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, ‘सायन्स’ या नियतकालिकात याची मोठी परीक्षा प्रसिद्ध झाली. २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत लिंक्डइननं ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या शिफारशींमध्ये केलेल्या फेरफारांवरून संशोधकांनी सुमारे दोन कोटी लोकांचा माग काढला. त्या काळात दोनशे कोटी नव्या ओळखी जुळल्या आणि सहा लाख नोकऱ्या बदलल्या. निष्कर्ष ग्रॅनोव्हेटरांच्या बाजूचा निघाला, थोड्या दुरुस्तीसह: अगदी अनोळखी माणूस फारसा उपयोगी नाही, सख्खा मित्रही नाही. काही सामाईक ओळखी असलेला, पण रोजच्या संबंधात नसलेला माणूस सर्वांत उपयोगी. डिजिटल क्षेत्रांत हा परिणाम जास्त ठळक होता. सभासदांना न कळवता असा प्रयोग करावा का, यावर टीका झाली आणि ती रास्त होती.

व्यवहारात याचा अर्थ असा की पाचशे अनोळखी रिक्रूटरांना विनंत्या पाठवण्यापेक्षा जुन्या कंपनीतले सहकारी, पुरवठादाराकडचा अभियंता, पॉलिटेक्निकचा वर्गमित्र, प्रशिक्षणात शेजारी बसलेली मुलगी यांच्याशी जोडून राहणं कितीतरी मोलाचं. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यानं सुचवलेल्या माणसाची नेमणूक झाली तर त्या कर्मचाऱ्याला बक्षीस देतात. म्हणजे विचारल्यानं आपण कुणावर ओझं टाकत नाही. विचारताना मात्र ‘काही असेल तर सांग’ असं मोघम लिहू नये. कोणती जागा, तिचा क्रमांक, आपला त्या कामाशी जुळणारा अनुभव दोन ओळींत, आणि सोबत रेझ्युमे. वशिला वेगळा. तिथे पात्रता बाजूला पडते. इथे पात्र माणसाचं नाव योग्य टेबलावर पोचतं, एवढंच. ज्यांच्या घरात कॉलेजला जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्यांच्या गोतावळ्यात अशा दूरच्या ओळखी मुळातच कमी असतात. म्हणून पदवीधर होताना कॉलेजनं माजी विद्यार्थ्यांची जिवंत यादी हातात देणं ही कॉलेजची जबाबदारी आहे. ती फार थोडी कॉलेजं पार पाडतात.

रोज पोस्ट लिहिण्याच्या सल्ल्यावर मी फार वेळ घालवणार नाही. विक्री, सल्लागारी, शिक्षण, डिझाइन अशा क्षेत्रांत त्याचा फायदा होतो. ज्याला सांगण्यासारखं काही आहे त्यानं महिन्यातून एकदा आपल्या कामातला एखादा सोडवलेला प्रश्न लिहिला तरी पुरे. लेथवर किंवा लेजरवर दिवसभर राबणाऱ्या माणसानं रात्री प्रेरणादायी मजकूर लिहावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याऐवजी छोट्या रकान्यांकडे लक्ष द्यावं. नोकरी.कॉमवर रिक्रूटर अलीकडे सक्रिय असलेल्या उमेदवारांपुरता शोध मर्यादित करू शकते, म्हणून दर आठवड्या-दोन आठवड्यांनी आत जाऊन काहीतरी खरं अद्ययावत करणं फायद्याचं. नोटीस पीरियडचा रकाना रिकामा ठेवू नये. नव्वद दिवसांची नोटीस असलेल्या आयटीतल्या माणसानं राजीनामा दिला असेल तर शेवटचा दिवस लिहावा, कारण ‘सर्व्हिंग नोटीस’ हा फिल्टर पहिल्या क्षणी लागतो. लिंक्डइनच्या ‘ओपन टू वर्क’चे दोन प्रकार आहेत. हिरवी कडा सगळ्यांना दिसते, दुसरा प्रकार फक्त रिक्रूटरांना. दुसऱ्यात आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरपासून माहिती लपवण्याचा प्रयत्न होतो, पण पूर्ण खात्री लिंक्डइन स्वतःही देत नाही. नोकरीत असलेल्यानं हे पक्कं लक्षात ठेवावं. नोकरी.कॉमवर ठरावीक कंपन्यांना आपलं प्रोफाइल बंद करता येतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेनं या खेळात दोन्ही बाजूंनी उडी घेतली आहे. एका टिचकीत अर्ज करता येऊ लागल्यापासून आणि त्यात चॅटजीपीटीची भर पडल्यापासून अर्जांचा पूर आला. २०२५ मध्ये लिंक्डइनवर मिनिटाला सरासरी ११,००० अर्ज येत होते. तो पूर आवरायला रिक्रूटरांच्या हाती यंत्रसहायक आले. लिंक्डइननंच ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘हायरिंग असिस्टंट’ आणला. यंत्र निष्पक्ष असतं या भ्रमात राहू नये. अॅमेझॉननं जुन्या अर्जांवर शिकवलेलं छाननीचं साधन बायकांचे अर्ज खाली ढकलत होतं, ‘महिला’ या अर्थाचा शब्द दिसला तरी गुण कापत होतं. ते साधन कंपनीनं गुंडाळल्याची बातमी २०१८ मध्ये रॉयटर्सनं दिली. उमेदवाराच्या बाजूनं धोका वेगळा आहे. सगळ्यांची प्रोफाइल एकाच यंत्राकडून लिहून घेतली की ती एकसारखी वाचायला लागतात. आधी आपला तपशील आपण मांडावा, मग व्याकरण तपासायला यंत्राची मदत घ्यावी. उलट क्रमानं गेलं तर पुन्हा ‘डायनॅमिक’पाशीच येऊन थांबतो.

इथवरचं बरंचसं पदवीधरांबद्दल झालं. डिलिव्हरी, दुकान, गोदाम, वाहनचालक, टेलिकॉलर अशा कामांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेलं ‘अपना’ हे अॅप किंवा वर्कइंडिया जास्त उपयोगी. केंद्राचं राष्ट्रीय करिअर सेवा पोर्टल २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम आहे. जुन्या सेवायोजन कार्यालयाची नोंदणी आता तिथेच होते. आयटीआय झालेल्यानं या दोन्ही ठिकाणी नाव घालावं. त्याला पैसे लागत नाहीत.

पैशांवरून आठवण झाली ती फसवणुकीची. उघड्या प्रोफाइलवर फोन नंबर आणि गरज दोन्ही दिसतात, आणि भामटे तेच शोधत असतात. नोंदणी शुल्क, लॅपटॉपची अनामत, पडताळणीचा खर्च असं काहीही मागणारा रिक्रूटर खरा नसतो. कंपनीच्या अधिकृत डोमेनऐवजी जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर, मुलाखतीशिवाय नेमणूक, टेलिग्रामवरच चाललेला व्यवहार ही धोक्याची लक्षणं. थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी सांगून भारतीय तरुणांना म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर गुन्ह्यांच्या तळांवर डांबल्याचे प्रकार घडले आहेत, आणि परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल इशारे द्यावे लागले आहेत. पैसे गेले तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार किंवा पॅन क्रमांक प्रोफाइलवर किंवा रेझ्युमेवर कधीच टाकू नये. लिंक्डइनच्या सेटिंग्जमध्ये आपला मजकूर एआय प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय आपल्याकडे मुळात चालूच असतो. नको असेल तर तो आपण स्वतः जाऊन बंद करावा लागतो.

शेवटी पगाराचा रकाना. नोकरी.कॉमवर उमेदवारानं आपला सध्याचा पगार भरायचा असतो, आणि त्यावरून त्याची छाननी होते. त्याच संकेतस्थळावर जाहिरातीत मात्र पगारासमोर ‘नॉट डिस्क्लोज्ड’ असं लिहिलेलं दिसतं. कमी पगारावर सुरुवात केलेला माणूस, म्हणजे बहुधा लहान गावातला, मराठी माध्यमातला, किंवा खंडानंतर परतलेली बाई, या रकान्यामुळे प्रत्येक नव्या नोकरीत जुन्याच कमी पगाराला बांधला जातो. वाढ मोजली जाते ती जुन्या आकड्यावर, कामावर नव्हे. न्यूयॉर्क शहरानं २०१७ मध्ये आणि कॅलिफोर्नियानं २०१८ मध्ये जुना पगार विचारायला बंदी केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार मालकानं पगाराचा पल्ला मुलाखतीआधीच सांगायचा आहे आणि जुना पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना तो अमलात आणायला जून २०२६ ची मुदत दिलेली होती. भारतात खाजगी नोकरभरतीसाठी असा कायदा नाही. पण हिंजवडी, खराडी आणि चाकणमध्ये युरोपीय कंपन्यांची मोठी केंद्रं आणि कारखाने आहेत. आपल्या देशात जो नियम त्या पाळणार, तो इथल्या जाहिरातीत पाळण्यापासून त्यांना कोणी अडवलेलं नाही. आपल्या उद्योजकांनीही कायद्याची वाट न पाहता जाहिरातीत पगाराचा पल्ला छापावा, आणि नोकरीच्या संकेतस्थळांनी सध्याच्या पगाराचा रकाना फिल्टरमधून काढून टाकावा.